मुलांची कावीळ: ‘ए’ आणि ‘बी’

हिपॅटायटिस ए हा विषाणू रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि दूषित पाणी, अन्न किंवा न धुतलेले हात यांच्यामार्फत दुसऱ्याच्या पोटात जातो. लक्षणे दिसायला १५ ते ५० दिवस लागतात, सरासरी २८. सहा वर्षांखालील बहुतेक मुलांचे डोळे पिवळे होतच नाहीत; थोडा ताप, उलट्या, मंदावलेली भूक एवढ्यावर दुखणे निभावते, कित्येकदा तेही नाही. अशी वरवर धडधाकट मुलेच घरात संसर्ग पसरवतात. दिसणारी कावीळही उशिरा येते: विषाणू सर्वाधिक बाहेर पडतो तो डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत.

या आजारावर विषाणूनाशक औषध नाही आणि सहसा लागतही नाही; यकृत आपोआप पूर्ववत होते, आजार जुनाट होत नाही. पिवळी म्हणून हळद वर्ज्य करण्याला आधार नाही. झाडपाल्याची औषधे मात्र सुजलेल्या यकृताला इजा करू शकतात. क्वचित यकृत निकामी होते. मूल सुस्तावले, असंबद्ध बोलू लागले किंवा रक्तस्राव झाला तर तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

हिपॅटायटिस बी रक्तातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला होतो. जन्मावेळी संसर्ग झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो कायमचा मुक्काम ठोकतो. पुढे यकृत आक्रसण्याचा आणि कर्करोगाचा धोका राहतो. म्हणून पहिली लस जन्मानंतर २४ तासांच्या आत देतात.