जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनाची अखेर

मार्च महिना म्हणजे जिनिव्हा, हे समीकरण मोटारींच्या जगात अनेक दशके रूढ होते. मात्र ३१ मे २०२४ रोजी आयोजकांनी हे प्रदर्शन तेथे यापुढे न भरविण्याचा निर्णय जाहीर केला आणि १९०५ साली सुरू झालेल्या परंपरेवर पडदा पडला.

त्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत भरलेले पहिले प्रदर्शन राष्ट्रीय स्वरूपाचे होते. प्रदर्शक अवघे ३७, प्रेक्षक सुमारे १७ हजार. मोटारींच्या शेजारी सायकलीही मांडलेल्या होत्या. पेट्रोलच्या वाहनांबरोबर वाफेवर चालणारी वाहनेही होती. पुढे मध्ये बराच खंड पडला आणि १९२४ साली जिनिव्हात पहिले आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. गंमत अशी, की त्याच वेळी स्वित्झर्लंडच्याच ग्राउब्युंडेन या डोंगराळ प्रांतात खासगी मोटारींवर बंदी होती! १९०० साली घातलेली ही बंदी जनमताचे अनेक कौल होऊनही कायम राहिली. ती उठली १९२५ मध्ये.

जर्मनी, फ्रान्स वा इटलीसारखा मोठा मोटार उद्योग स्वित्झर्लंडमध्ये कधीच रुजला नाही. जिनिव्हाच्या पथ्यावर पडले ते नेमके हेच. यजमानाची स्वतःची बलाढ्य कंपनी नसल्याने तेथे कोणालाच परकेपणा वाटत नसे. १९६१ मध्ये जग्वारने ‘ई-टाइप’ येथेच सादर केली. ती पाहण्यासाठी, चालवून बघण्यासाठी इतकी झुंबड उडाली, की कंपनीचे चाचणी-चालक नॉर्मन ड्युइस यांना दुसरी गाडी इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीहून रातोरात हाकत आणावी लागली. पुण्याच्या अभियंत्यांनी घडविलेली टाटांची ‘नॅनो’ युरोपने प्रथम पाहिली तीही जिनिव्हातच, २००८ मध्ये.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद पडलेले प्रदर्शन १९४७ मध्ये पुन्हा उभे राहिले. करोनानंतर मात्र तसे घडले नाही. २०२० मध्ये दालने जवळपास सज्ज झालेली असताना, उद्घाटनाला काही दिवस उरले असताना ते रद्द करावे लागले. पुढील तीन वर्षेही जिनिव्हात ते भरले नाही. २०२३ चे प्रदर्शन कतारमध्ये झाले. २०२४ मध्ये ते परतले खरे, पण बड्या युरोपीय कंपन्यांपैकी बहुतेकांनी पाठ फिरवली. उत्पादकांची उदासीनता आणि पॅरिस व म्युनिक येथील प्रदर्शनांची स्पर्धा, ही कारणे देऊन आयोजकांनी माघार घेतली. आपली नवी गाडी घरबसल्या जगापुढे मांडणे कंपन्यांना आता शक्य झाले आहे, हेही त्यात जोडावे लागेल.