वणवा विझल्यानंतरची सोळा वर्षं

गोड्या मसाल्यात पडणारं दगडफूल हे एक शैवाक. बुरशी आणि शैवल यांचा हा एकत्र संसार: बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते आणि आत राहणारं शैवल उन्हात अन्न तयार करतं. बाजारात येणारं पुष्कळसं दगडफूल झाडांच्या सालीवरून खरवडलेलं असतं. झाडाला त्याचा उपद्रव नसतो, कारण शैवाक सालीवर फक्त बसतं, झाडाचा रस शोषत नाही.

त्याला मुळं नाहीत आणि पानांवर असतो तसा मेणचट थरही नाही. पाऊस, धुकं, धूळ, गंधकाचा धूर, जे हवेत असेल ते थेट अंगात जातं. पॅरिसच्या इतर भागांतून नाहीशी झालेली शैवाकं लक्झेंबर्ग बागेत टिकून आहेत, याचा अर्थ तिथली हवा बरी आहे, असं फिनलंडचे विल्यम नायलँडर यांनी 1866 मध्येच मांडलं होतं. तेव्हापासून शैवाकांवरून हवा जोखली जाते. पण शैवाकं वणव्याबद्दलही बरंच सांगतात.

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेत पाइन आणि फरच्या खोडांवर लेथारिया नावाचं झगझगीत पिवळं-हिरवं शैवाक वाढतं. ते विषारी असल्यामुळे उत्तर युरोपात पूर्वी लांडगे मारायला वापरत. त्याच रानात ब्रायोरिया फांद्यांवरून काळपट केसांसारखं लोंबतं. हिवाळ्यात उडत्या खारींचं पोट बरंचसं त्यावर चालतं आणि घरट्यालाही तेच लागतं.

याच भागातल्या पाच वणव्यांच्या जागा जेसी मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. वणवे लागून 4 ते 16 वर्षं झाली होती. 2018 मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा: जिथे आग जमिनीलगत सरकत गेली आणि झाडांचे शेंडे वाचले, तिथे शैवाकंही बऱ्यापैकी टिकली. जिथे ज्वाळा शेंड्यापर्यंत चढल्या आणि झाडं मेली, तिथली शैवाकं 16 वर्षांनंतरही परतली नव्हती. गवत दुसऱ्या पावसात उगवतं, झुडपं काही वर्षांत माजतात. लांबून पाहणाऱ्याला डोंगर हिरवा दिसतो. खोडांकडे पाहिलं की वेगळंच चित्र दिसतं.

उशिराची कारणं साधी आहेत. बसायला जिवंत झाडच उरलेलं नसतं. छत गेल्याने ऊन आणि वारा थेट येतो, ओल टिकत नाही. शैवाकाची वाढ वर्षाला काही मिलिमीटर असते. नवी वस्ती बसते ती बहुधा वाऱ्याने आलेल्या तुकड्यांतून आणि बारीक भुकटीतून. जळालेला पट्टा रुंद असेल तर तेवढं लांब येणार कोण?

दोष मात्र सरसकट आगीला देता येत नाही. सिएरा नेवाडात वीज पडून आणि आदिवासींनी लावलेल्या आगींमुळे लहान वणवे वरचेवर येत. खालचा पाचोळा जळायचा, जाड सालीची जुनी झाडं उभी राहायची. मग आग दिसली की विझवायची, असं धोरण आलं. 1935 मध्ये तर अमेरिकेच्या वनखात्याने दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत प्रत्येक वणवा आटोक्यात आणण्याचा दंडक घातला. त्यामुळे पाचोळा आणि दाट कोवळी झाडी साचत गेली. त्यात हवामान तापलं आणि दुष्काळ पडले. आता आग लागली की ती त्या झाडीवरून सरळ शेंड्यापर्यंत चढते.

म्हणून शैवाकांचा पुरावा वाचताना घाई चालत नाही. उघडी खोडं दिसली म्हणून कारखान्याकडे बोट दाखवण्याआधी त्या रानाचा आगीचा इतिहास विचारावा लागतो. उलट, जळालेल्या टापूत लेथारिया दाट असेल, तर तिथली आग सौम्य होती, असं समजायला जागा आहे.

स्वीडन-फिनलंडमध्ये कथा आणखी तिरकी आहे. कार्बोनिकोला ही छोट्या खवल्यांची शैवाकं तिथे वाढतात ती जुन्या पाइनच्या कोळसा झालेल्या लाकडावर. वणवे विझवण्यात हे देश इतके तरबेज झाले की अशी लाकडं दुर्मीळ झाली आणि या शैवाकांवर संकट आलं. जळक्या लाकडावर जगणाऱ्या जीवांसाठी तिथे आता जंगलाचे निवडक तुकडे मुद्दाम पेटवले जातात.