साठ पानांचा आठवडा

सदाशिव पेठेत अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या पोरांची एक जुनी चेष्टा आहे: वार विसरलात तर मेसच्या ताटात बघा. मटकी दिसली की सोमवार, बटाटा दिसला की मंगळवार. मी स्वतः खानावळ चालवते, तरी मला ती झोंबत नाही. साठेक माणसांचं दोन वेळचं जेवण काढायचं तर आठवडा आधी बांधावाच लागतो. खरी तक्रार वेगळी असायला हवी. भाजी रोज बदलते, पण तिच्याखालचा रस्सा बदलत नाही. तेच कांदा-टोमॅटो, तीच लाल तर्री. मग मटकी काय आणि वाटाणा काय, जिभेला दोन्ही सारखेच.

माझ्या वहीत आडवे वार असतात आणि उभे चार रकाने: धान्य, डाळ किंवा कडधान्य, भाजी, आणि चौथा वाटण-फोडणीचा. पदार्थाचं नाव मी सगळ्यात शेवटी लिहिते. नियम एवढाच, की कुठल्याही रकान्यात लागोपाठ दोन दिवस एकच गोष्ट यायची नाही. वाटणं म्हणाल तर चारच: ओल्या खोबऱ्याचं, भाजलेल्या कांद्या-सुक्या खोबऱ्याचं, दाण्याच्या कुटाचं, आणि वाटणाशिवाय नुसती लसणाची खमंग फोडणी. तीच तुरीची डाळ चिंच-गूळ-गोडा मसाला घातला की आमटी होते, पालक आणि लसूण पडला की डाळ-पालक, आणि काहीच न घालता वर तूप-लिंबू दिलं की साधं वरण. डाळ शिजवायचे कष्ट तेवढेच. चवळी ओल्या खोबऱ्यात केली की रत्नागिरीचा मुलगा खूश, काळ्या मसाल्यात केली की जळगावचा.

भाज्यांचा क्रम मात्र मी ठरवत नाही, भाज्याच ठरवतात. मार्केट यार्डातून माल आला की पहिले दोन दिवस मेथी, पालक, चुका. मग दुधी, दोडका, फरसबी. कोबी आणि गाजर त्यानंतर. लाल भोपळा आणि सुरण आठवड्याच्या शेवटी, कारण ते कोपऱ्यात निवांत पडून राहतात. एकट्यादुकट्यानं रविवारी भाजी आणून आठवडा काढायचा असेल तरी हाच क्रम धरावा; गुरुवारी फ्रिजमधून काळी पडलेली कोथिंबीर काढून टाकायची वेळ येत नाही.

किती भाजी, हा प्रश्न अवघड आहे. जागतिक आरोग्य संघटना फळं आणि भाज्या मिळून दिवसाला निदान 400 ग्रॅम सांगते, आणि त्यात बटाटा धरत नाही. हे वाचून निम्म्या खानावळवाल्यांना घाम फुटेल. 2020 साली राज्य सरकारनं सुरू केलेल्या शिवभोजन थाळीत भाजी 100 ग्रॅम ठरवली होती. आमच्या वाट्याही त्याच मापाच्या. दोन्ही वेळच्या मिळून 200 ग्रॅम झाल्या, उरलेल्याचं काय? काकडी, मुळा, गाजर, बीट यांची कोशिंबीर मी मोजून देत नाही, हवी तेवढी घ्या म्हणते. केळं किंवा पेरू मुलांनी स्वतः विकत घ्यावा, तेवढं मला परवडत नाही. कोशिंबिरीत मीठ आणि दही मात्र वाढायच्या आधी पाच मिनिटं. सकाळीच कालवून ठेवली तर दुपारपर्यंत तिचं सार होतं.

प्रथिनांसाठी पोरं भुकटीचे डबे आणतात. आणोत. पण गव्हा-तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात मिळतं. वरण-भात, उसळ-पोळी, भाजणीचं थालीपीठ, सगळे याच हिशेबात बसतात. अट एकच, वरण पाण्यासारखं नको. माणशी चाळीस ग्रॅम कोरडं कडधान्य धरलं तर साठ पानांना जवळजवळ अडीच किलो मटकी लागते. मोड आल्यावर ती दुपटीहून जास्त होते. बुधवारच्या उसळीसाठी ती सोमवारी रात्री भिजते, मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची. थंडीत आणखी अर्धा दिवस. मोड आणल्यानं क जीवनसत्त्व वाढतं, वर लिंबू पिळलं की उसळीतलं लोहही अंगी लागतं. आणि हीच पोरं हात धुतले की समोरच्या टपरीवर चहाला! चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही. तासभर थांबा रे, असं मी सांगते. कोण ऐकतो?

डाळ लवकर शिजावी म्हणून खायचा सोडा टाकायची पद्धत खानावळींत सर्रास आहे. त्यानं गॅस वाचतो आणि डाळीतलं थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, बरंचसं जातं. मी डाळ तासभर भिजवते. गॅस तसाही वाचतो.

भाकरीचं सोंग मात्र आणता येत नाही. ज्वारीत ग्लुटेन नसतं, कणकेसारखा गोळा मळून ठेवता येत नाही, आणि पीठ जुनं असेल तर विरी गेलेली भाकरी थापतानाच फाटते. म्हणून आठवड्यातून दोनदाच, आणि त्या दिवशी पोळ्यांच्या मावशींबरोबर आणखी एक जण लागते. नांदेड-लातूरची मुलं त्या दिवशी दोन भाकरी जास्त खातात. हिशेबात धरावं लागतं.

आता घरच्यांसाठी, कारण शेजारपाजारच्या नोकरदार मुली रविवारी आठवड्याचं शिजवतात आणि मला विचारायला येतात. भात मोठ्या पातेल्यात तसाच ठेवून रात्री फ्रिजमध्ये सारू नका. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळीतही तगतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. परातीत पातळ पसरा, गार करा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. आमटीसुद्धा लहान, उथळ डब्यांत. ओल्या नारळाचं वाटण सगळ्यात आधी आंबतं, ते त्या दिवशीच संपवा. शिजलेले छोले, राजमा, भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं वाटण फ्रीजरमध्ये छान राहतं. बटाटा तिथे रवाळ होतो. मुळात पूर्ण भाज्या करूनच ठेवू नका. डाळ, कडधान्य आणि वाटण तयार ठेवा, फोडणी रोज ताजी द्या. दहा मिनिटांचं काम आहे.

तेलाचा हिशेब सोपा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशी बघता माणशी दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅमपर्यंत बरं. साठ माणसं, रोज 25 ग्रॅम, महिन्याला 45 किलो, म्हणजे पंधरा किलोचे तीन डबे. चौथा डबा फोडायची वेळ आली की मी स्वयंपाक्याच्या शेजारी जाऊन उभी राहते.

शुक्रवारी रात्री पिठलं-भात आणि ठेचा, हा बेत कधी बदलत नाही. बदलून बघितला होता, पोरांनीच परत आणायला लावला. रविवारी दुपारी मसालेभात, पुरी आणि काहीतरी गोड. संध्याकाळी खानावळ बंद. त्या रात्री कुणी वडापाव खावा की बिर्याणी, त्याला माझ्या वहीत रकाना नाही.