पिल्लू आणण्यापूर्वी घड्याळ पाहा!

वसई, प्रतिनिधी : वार्षिक परीक्षा संपल्या की वसई-विरारमधील अनेक घरांत एकच हट्ट सुरू होतो. मुलांना कुत्र्याचे पिल्लू हवे असते आणि पालकांपुढे प्रश्न उभा राहतो तो जातीचा. लॅब्राडोर घ्यावा, पॉमेरेनियन घ्यावा, की अलीकडे जाहिरातींतून दिसणारे माल्टीपू, पॉम्स्की यांसारखे एखादे ‘डिझायनर’ पिल्लू? चौकशी होते, मोबाइलवर छायाचित्रे पाहिली जातात, रक्कम ठरते. दिवसभर घरात कोण असणार, हा प्रश्न मात्र बहुधा पिल्लू आल्यानंतरच निघतो.

पश्चिम रेल्वेच्या या टोकाला तो प्रश्न जातीपेक्षा महत्त्वाचा आहे. नालासोपारा वा विरारहून सकाळी सहा-साडेसहाची गाडी पकडून चर्चगेटकडे निघालेला नोकरदार रात्री आठ-नऊच्या आत घरी परतत नाही. पती-पत्नी दोघेही कामावर जात असतील, तर घराला बारा ते चौदा तास कुलूप असते. दोन महिन्यांचे पिल्लू लघवी जेमतेम दोन-तीन तास रोखू शकते. त्याला दिवसातून तीन-चार वेळा खाणे लागते. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर प्रत्येक वेळी त्याला ठरलेल्या जागी न्यावे लागते. तसे नेले तरच सवय लागते. बंद घरात एकटे पडलेले पिल्लू रडते, भुंकते, चपला आणि सोफा कुरतडते. आईपासून नुकत्याच तुटलेल्या जिवाची ती भीती असते. शेजाऱ्यांची तक्रार येते, घरात वाद होतात आणि काही महिन्यांत ‘कोणाला हवे का?’ अशी विचारणा सुरू होते. काही जण तर कुत्रा सरळ रस्त्यावर सोडून मोकळे होतात. सबळ कारणाशिवाय प्राण्याला उपासमारीच्या वा वेदनेच्या स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हे त्यांच्या गावीही नसते.

ज्या घरात आजी-आजोबा आहेत, अथवा घरातील कोणी ना कोणी दुपारी परत येते, त्या घराचे गणित निराळे. आगाशी, नंदाखाल, गास, निर्मळ या पट्ट्यातील वाड्यांतून अंगण आहे, माणसांचा राबता आहे. तिथे पिल्लू सहज वाढते. दोघेही लोकलने प्रवास करणारे असतील, तर त्यांनी पिल्लाऐवजी दीड-दोन वर्षांचा, सवयी लागलेला कुत्रा दत्तक घेण्याचा विचार करावा. मोठा कुत्रा सहा-आठ तास तग धरू शकतो आणि दोन वेळच्या खाण्यावर राहतो. मुलांना पिल्लाचेच आकर्षण असते हे खरे. परंतु पहाटेच्या गाडीआधी पिल्लाला खाली न्यायचे काम शेवटी आईवडिलांच्याच वाट्याला येते.

‘डिझायनर’ म्हणजे नेमके काय?

दोन वेगवेगळ्या शुद्ध जातींच्या नर-मादीपासून हेतुपूर्वक घेतलेल्या पिल्लांना हे नाव दिले जाते. माल्टीज आणि पूडल यांचा माल्टीपू, कॉकर स्पॅनियल आणि पूडल यांचा कॉकापू, हस्की आणि पॉमेरेनियन यांचा पॉम्स्की. या प्रकाराला जगभर चालना मिळाली ती ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगामुळे. अंधांसाठी वाटाड्या कुत्री तयार करणाऱ्या तेथील संस्थेकडे १९८० च्या दशकात हवाई बेटांवरील एका अंध महिलेने मागणी नोंदवली. तिच्या पतीला कुत्र्याच्या केसांची अॅलर्जी होती. संस्थेतील वॉली कॉनरॉन यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर घडवून आणला. तीन पिल्ले झाली. त्यांपैकी एकच त्या पतीला चालले. उरलेली संकरित पिल्ले कोणी सांभाळायलाही तयार नव्हते. ‘लॅब्राडूडल’ या नव्या नावाने त्यांची माहिती जाहीर होताच मात्र मागणीची रीघ लागली. कुत्रे तेच होते, बदलले होते ते फक्त नाव. पुढे या नावावर चाललेला बेफाम व्यापार पाहून कॉनरॉन यांनी आपल्या कामाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

या पिल्लांविषयी विक्रेते दोन दावे हमखास करतात. पहिला, ‘याची अॅलर्जी होत नाही.’ अॅलर्जी ही मुख्यतः कुत्र्याच्या लाळेतील व त्वचेतील प्रथिनांची असते. केस गळोत वा न गळोत, ती प्रथिने राहतातच. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तथाकथित अॅलर्जीमुक्त जातींच्या केसांत हे प्रथिन कमी आढळले नाही, उलट अधिकच आढळले. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर पैसे देण्यापूर्वी त्याने त्याच कुत्र्याजवळ दोन-तीन वेळा तासभर बसून पाहावे. यापेक्षा खात्रीची सोपी चाचणी नाही.

दुसरा दावा, ‘संकरित असल्याने आजारी पडत नाही.’ यात अर्धसत्य आहे. एखाद्या आजाराचे सुप्त जनुक एकाच जातीत असेल, तर संकरात तो आजार सहसा उमटत नाही. परंतु डोळ्यांच्या पडद्याचा एक आनुवंशिक विकार लॅब्राडोर आणि पूडल या दोहोंतही आढळतो. खुब्याच्या सांध्याचा दोषही दोन्ही जातींत आहे. माता-पिता दोघेही सदोष असतील, तर संकर पिल्लाला वाचवत नाही. ब्रिटनमध्ये २०२४ साली कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू यांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना झाली, तेव्हा बहुतेक आजारांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे ही कुत्री अधिक रोगट नाहीत आणि अधिक निरोगीही नाहीत.

वसईत आणखी एका गोष्टीचा विचार व्हायला हवा, तो हवामानाचा. पूडलच्या संकरांचे केस गळत कमी असले तरी गुंततात. ते रोज विंचरावे लागतात आणि महिना-दीड महिन्याने कापावे लागतात. खाडी आणि समुद्र यांमधल्या या दमट पट्ट्यात गुंत्याखालची त्वचा ओली राहते आणि तिथे बुरशी व खाज सुरू होते. हस्कीचे रक्त असलेल्या पिल्लाच्या अंगावर तर दुहेरी लोकरीचा थर असतो. बर्फाळ प्रदेशासाठी घडलेला हा कुत्रा मे महिन्यात दुपारी वीज गेलेल्या सदनिकेत काय करणार? बसक्या नाकाच्या पग, शिह त्झू यांना धाप लवकर लागते. त्यांच्या संकरातही हा दोष उतरू शकतो. या तुलनेत आखूड केसांचा आपला गावठी कुत्रा इथल्या हवेला पुरेपूर सरावलेला. तोही अनेक पिढ्यांचा संकरच आहे. त्याला फॅशनेबल नाव तेवढे नाही.

आई दाखवा, मगच बोला

जात कोणतीही असो, विक्रेत्याकडे दोन गोष्टी मागाव्यात : पिल्लाची आई पाहण्याची संधी आणि पिल्लाच्या वयाचा पुरावा. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार व्यावसायिक प्रजननासाठी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. मादीची वर्षातून एकच वीण घेता येते. प्रत्यक्षात तीस-चाळीस दिवसांची पिल्ले ‘दोन महिन्यांची’ म्हणून हाती ठेवली जातात, कारण पिल्लू जितके लहान तितके ते गोजिरवाणे दिसते आणि विक्रेत्याचा खाण्या-लसींचा खर्च वाचतो. आई दाखवायला टाळाटाळ होत असेल, भेट घराऐवजी रेल्वे स्थानकाबाहेर ठरत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. आई माणसांना घाबरणारी वा चावरी असेल, तर तोही एक इशारा समजावा. शिवाय भावंडांबरोबर खेळतानाच पिल्लू चावा किती हलका घ्यायचा हे शिकते. लवकर वेगळे केलेल्या पिल्लाचा हा धडा अर्धवट राहतो.

पहिल्या आठवड्यातला घात

नव्या पिल्लाचा सर्वांत मोठा शत्रू पार्व्हो. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू आतड्यांवर हल्ला करतो. पिल्लू खाणे सोडते, उलट्या होतात, रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त जुलाब होतात. उपचार मिळाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत ते दगावू शकते. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणूनच रविवारी उड्या मारत घरी आलेले पिल्लू गुरुवारी मान टाकते, आणि ‘आमच्याकडे तर ठणठणीत होते’ असे विक्रेता म्हणतो तेव्हा ते दिसायला खरेही असते. अशा वेळी घरगुती उपाय करत रात्र काढू नये. पिल्लू वाचते ते सलाइन आणि वेळेवरच्या शुश्रूषेने.

‘एक इंजेक्शन दिले आहे, आता चिंता नाही’ हा समजही घातक आहे. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. ती रक्तात आहेत तोवर लस निष्प्रभ ठरते. ती ओसरली की पिल्लू उघडे पडते. ती नेमकी केव्हा ओसरतात, हे प्रत्येक पिल्लात निराळे असते. कुठे सहाव्या आठवड्यात, तर कुठे चौदाव्या-पंधराव्या. त्यामुळे लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी. लसीच्या पुस्तिकेत कुपीवरचे लेबल चिकटवलेले आहे का आणि पशुवैद्यकाची सही व तारीख आहे का, हे पाहून घ्यावे. ज्या घरात आधीचे पिल्लू पार्व्होने गेले आहे, तिथे काही महिने लस पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू आणू नये. हा विषाणू जमिनीवर दीर्घकाळ तग धरतो आणि नेहमीच्या फिनेलला दाद देत नाही. त्यासाठी ब्लिचिंगचे द्रावण लागते.

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू रस्त्यावरच्या जमिनीवर सोडायचे नाही, आणि तरीही त्याला जगाची ओळख याच काळात करून द्यायची, हा पेच आहे. तीन ते चौदा आठवडे या वयात पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींची भीती पुढे कमी वाटते. उपाय साधा आहे : कडेवर घेऊन फिरवावे. रिक्षाचे भोंगे, लोकलचा खडखडाट, लग्नाचा बँड, चर्चची घंटा, छत्री उघडणारा माणूस, शाळेतून सुटलेली मुले हे सारे त्याने उबेतून पाहावे.

खाण्याविषयी थोडक्यात सांगायचे तर मीठ-मसाला नसलेला भात, उकडलेली कोंबडी, अंडे वा पिल्लांसाठीचे तयार खाद्य चालते. शिजवलेली हाडे, चॉकलेट, कांदा-लसूण नको. वसईच्या घरांत नाताळाला होणाऱ्या केकबाबत विशेष दक्षता हवी. त्यातील मनुका-बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषारी ठरू शकतात.

पावसाळा हा इथला वेगळाच अध्याय. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले आणि वसईच्या अनेक वसाहती पाण्याने वेढल्या, हे रहिवासी विसरलेले नाहीत. एवढा पूर नसला तरी सखल भागांत पाणी साचतेच आणि त्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू मिसळतात. कुत्र्याला लागण झाली की त्याच्या लघवीतून ती माणसालाही होऊ शकते. या आजाराची लस दोन मात्रांत आणि नंतर दरवर्षी घ्यावी लागते. ती पावसाळ्यापूर्वी व्हावी. गोचिडांमुळे होणारा ताप याच दिवसांत बळावतो. फिरून आल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत व मानेखाली पाहणे हा नित्यक्रम ठेवावा.

तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या वस्त्यांत कुत्रा रात्री अंगणात बांधून ठेवणे टाळावे. बिबट्याचे ते सोपे भक्ष्य. मार्च २०२४ अखेरीस बिबट्या थेट वसई किल्ल्याच्या परिसरात दिसला होता आणि तो पिंजऱ्यात सापडायला एप्रिल उजाडला.

गृहनिर्माण संस्थांतील वादांबाबत स्थिती बरीच स्पष्ट आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संस्थेला बहुमताच्या ठरावानेही पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही आणि उद्वाहन वापरण्यास मज्जावही करता येत नाही. मात्र घाण उचलणे, पट्टा बांधूनच बाहेर नेणे ही मालकाची जबाबदारी आहे. केंद्राने १२ मार्च २०२४ रोजी २३ जातींवर, त्यांच्या संकरांसह, निर्बंध घालणारे परिपत्रक काढले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते त्याच वर्षी एप्रिलमध्ये रद्द केले. तथापि, प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये याची काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

पिल्लू खेळताना दात लावतेच. त्वचा फुटली असेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. पिल्लाची लस झाली आहे असे विक्रेत्याने सांगितले असले, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पुढील दहा दिवस पिल्लू डोळ्यांसमोर ठेवणे आवश्यक असते, कारण त्याच्या प्रकृतीवरून उपचारांचा पुढचा निर्णय होतो. रागाच्या भरात ते बाहेर सोडून दिले, तर डॉक्टरांना लागणारी हीच माहिती हातची जाते.