विश्लेषण : स्पेनमध्ये ‘चविष्ट’, ब्राझीलमध्ये ‘विचित्र’, एकाच शब्दाचे अर्थ उलटे कसे झाले?

माद्रिदमध्ये जेवण आवडले, तर ‘एस्किसितो’ म्हणावे. यजमान खूश होतात. हीच दाद साओ पावलोत दिली, तर पदार्थात काही बिघडले की काय, अशी शंका त्यांना येऊ शकते. पोर्तुगीजमध्ये ‘एस्किझितु’ म्हणजे विचित्र. उच्चारात फरक थोडा, पण अर्थात कौतुक आणि तक्रार एवढे अंतर.

मूळ शब्द कोणता?

स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन, फ्रेंच या लॅटिनपासून निघालेल्या ‘रोमान्स’ भाषा. लॅटिनमध्ये ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘क्वेरेरे’ म्हणजे शोधणे. त्यावरून ‘एक्सक्विसितुस’ तयार झाला. अर्थ : शोधून काढलेला, निवडक.

मग अर्थ का बदलला?

निवडून आणलेली वस्तू उत्तम असते आणि सहसा दुर्मीळही. स्पॅनिश आणि इटालियनने ‘उत्तम’ हा अर्थ धरला. इटालियन ‘स्क्विझितो’ म्हणजेही चविष्टच. पोर्तुगीजमध्येही आधी हाच अर्थ होता. पुढे बोलण्यात दुर्मीळ म्हणजे वेगळे आणि वेगळे म्हणजे विचित्र, असा तो सरकत गेला.

फ्रेंचमध्ये काय होते?

तेथे ‘एक्स्की’ म्हणजे रुचकर, मोहक. मात्र डॉक्टर ‘दुलर एक्स्कीझ’ म्हणतात, तेव्हा ती एका नेमक्या जागी उठणारी तीव्र वेदना असते. वैद्यकीय अहवालात तिचे भाषांतर ‘सुखद वेदना’ असे झाले, तर महत्त्वाचे लक्षणच हरवेल.

अशा शब्दांना काय म्हणतात?

‘खोटे मित्र’. ओळखीचे वाटतात आणि फसवतात. कोस्लर आणि देरोकिन्यी या फ्रेंच अभ्यासकांनी १९२८ मध्ये इंग्रजी-फ्रेंचमधील अशा शब्दांवर याच नावाचे पुस्तक लिहिले आणि ही संज्ञा रूढ झाली.

मराठीत असे घडते का?

संस्कृत ‘शिक्षा’ म्हणजे शिकणे, शिकवणे. हिंदीने तो अर्थ राखला. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. हिंदीतली ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीतली थट्टा. त्यामुळे हिंदी येते म्हणून मराठी कळेलच असे नाही. स्पॅनिश शिकून पोर्तुगीज बोलणाऱ्यांचेही तसेच.

मग ब्राझीलमध्ये दाद कशी द्यावी?

‘देलिसियोझु’ म्हणावे. त्याचा अर्थ दोन्हीकडे चविष्टच.