कागदाचें विमानवाहू जहाज

शहागड गोदातीरीं वसलें आहे; पण गोदेच्या पात्रांत होडीपेक्षां मोठें जहाज आम्हीं कधीं पाहिलें नाहीं. शिवाय ज्या 'विक्रांत'विषयीं येथें लिहावयाचें, तें जहाज आतां कोणासच दिसावयाचें नाहीं. १९९७ सालीं तें निवृत्त झालें, कांहीं वर्षें मुंबईस संग्रहालय म्हणून उभें होतें, आणि २०१४ सालीं तें तोडण्यास आरंभ झाला. तेव्हां तें कागदांतच पाहणें प्राप्त आहे.

असल्या कागदी प्रतिकृतींचा छंद महायुद्धांत वाढला. कारण धातु व रबर लढाईच्या कामीं लागत. इंग्लंडांत १९४१ पासून 'मायक्रोमॉडेल्स' या नांवाचे पोस्टकार्डाएवढे छापील तक्ते विकूं लागले. पोलंडांत १९५७ सालीं 'मावी मोडेलाश' हें मासिक निघालें. तक्ते शोधतांना प्रथम प्रमाण पाहावें. पोलंडकडील जहाजें बहुधा १:२०० या प्रमाणांत असतात. विक्रांतची लांबी सुमारें ७०० फूट. म्हणजे प्रतिकृति साडेतीन फूट होईल, आणि ती ठेवावयास वर्गांतील एक बांक अडेल!

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. या जहाजाची बांधणी १९४३ सालीं इंग्लंडांत 'हर्क्युलीस' या नांवानें सुरू झाली. १९४५ च्या सप्टेंबरांत तें पाण्यांत लोटलें, तों युद्धच संपलें, आणि काम अर्धवट राहिलें. पुढें भारतानें तें घेऊन ४ मार्च १९६१ रोजीं नौदलांत दाखल केलें. मधल्या काळांत त्यावर तिरकी धांवपट्टी आली. उतरणाऱ्या विमानाच्या आंकड्यांत आडवी तार न सांपडल्यास, पुढें उभ्या असलेल्या विमानांवर न आदळतां त्यास पुन्हा उडतां यावें, हा तिचा हेतु. १९७१ च्या डिसेंबरांत चितगांववर हल्ले करणारीं सी हॉक विमानें याच पट्टीवर परतत.

म्हणून 'ग्लोरी'सारख्या युद्धकालीन जहाजाचा तक्ता घेतल्यास सांगाडा बराचसा जुळतो, पण माथा जुळत नाहीं. आम्हीं हें न जाणतां सरळ पट्टी चिकटविली. ती उपटतांना डावी बाजू फाटली. तेथें आतां जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचें ठिगळ आहे, आणि तिरकी पट्टी नेमकी त्याच ठिगळावर टेकली आहे.