जुन्या आणि तरुण वनांच्या वाढीचे मोजमाप

पनामा कालव्यासाठी नदी अडवून तयार झालेल्या गाटून सरोवरातील बारो कोलोराडो बेटावर १९८० मध्ये स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर या शास्त्रज्ञांनी जुन्या जंगलाचे ५० हेक्टर क्षेत्र कायमच्या अभ्यासासाठी आखून घेतले आणि तेथील किमान १ सेंटिमीटर जाडीच्या प्रत्येक झाडाला क्रमांक देऊन त्याचा व्यास जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर मोजण्याची पद्धत घालून दिली. बुंध्याला फळ्यांसारखी आधारमुळे असल्यास मोजणी त्यांच्या वर करावी लागते, अन्यथा मुळांचा फुगवटाच वाढ म्हणून नोंदला जातो.

साधारण दर पाच वर्षांनी होणाऱ्या गणनेत मेलेली आणि नव्याने रुजलेली झाडेही नोंदवली जातात, आणि या चिकाटीच्या कामाचे खरे मोल तेथेच आहे. कारण एका झाडाची वाढ आणि साऱ्या वनाची वाढ या भिन्न गोष्टी आहेत. ४०३ प्रजातींच्या २०१४ मधील अभ्यासात, बहुतेक प्रजातींची मोठी झाडे लहान झाडांपेक्षा दरवर्षी अधिक वस्तुमान जमा करतात, असे आढळले. मात्र जुन्या वनात महावृक्ष कोसळल्याने त्या कमाईचा बराच भाग वजा होतो, तर तरुण वनाचा एकूण साठा झपाट्याने वाढतो.

तरुण वनांसाठी, वेगवेगळ्या वर्षी पडीक टाकलेल्या शेतांवरील वने वयानुसार क्रमाने मांडून एकाच वनाचा जीवनक्रम म्हणून वाचली जातात. परंतु त्यांची माती आणि पूर्वीचा वापर सारखा नसतो, म्हणून तीच झाडे पुन्हापुन्हा मोजणे अधिक विश्वासार्ह ठरते. भारतात तमिळनाडूतील मुदुमलाई येथे १९८८ पासून असेच ५० हेक्टरांचे क्षेत्र अभ्यासले जात आहे.